गायन आणि निवेदन

४ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

फोन सोडून कागद घेऊन बसले आहे, त्याला कारण आहे. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि निम्मं मी मनानं भरते. शिवाय तुमच्याकडे फोन वाजला की तो पहिल्यांदा आमचे बंधुराज उचलतात. ही गोष्ट आधी तुझ्या कानावर जायला हवी, मग तुझ्या नवऱ्याच्या.

काल कॉलेजच्या लायब्ररीत गेले होते. गेल्या वर्षीची मासिकं त्यांनी माझ्याकडे बांधायला दिली होती, ते गठ्ठे पोचवायला. गुडघे म्हणतात, बाई, बाइंडिंग तू कर, जिने आम्हाला सांगू नकोस. पण गिऱ्हाईक जपायचं तर जिना चढावाच लागतो. उतरताना धाप लागली म्हणून नोटीस बोर्डाशी टेकले, तर समोर आपला टिल्लू! चांगला हातभर फोटो. हातात माईक, केस डोळ्यांवर. खाली मोठ्या अक्षरांत, 'गाजलेली गाणी, आमच्या गळ्यातून'. विद्यार्थ्यांची मैफल, बावीस तारीख, संध्याकाळी, कॉलेजचं सभागृह.

आधी ऊर भरून आला. हाच का तो, ज्याला मी कागदाच्या कात्रणांच्या टोपलीत निजवत होते? टिल्लू नाव ठेवलं तेव्हा कुणाला ठाऊक होतं की पुढं चौकटीखालून जाताना ह्याला मान वाकवावी लागेल! मग चष्मा लावून खालची ओळ वाचली, आणि पुसून पुन्हा वाचली. 'गायन आणि निवेदन', आणि पुढं त्याचंच नाव.

गायनाचं मला काही नाही. गाताना तो कधी अडखळला नाही, हे तुलाही ठाऊक आणि मलाही. गाण्यात त्याचे शब्द उताराला लागलेल्या पाण्यासारखे येतात. पण निवेदन? दोन गाण्यांच्या मध्ये, भरल्या सभागृहापुढं बोलायचं, ते आपल्या टिल्लूनं? ज्याचं 'मीठ दे' म्हणून होईस्तोवर ताटातली भाजी संपते?

मला शाळेतला तो दिवस आठवला. अकरा वर्षांचा होता. वर्गापुढं नाव सांगायला उभं केलं, पहिल्याच अक्षरावर अडकला, आणि पोरं हसली. एवढंच झालं. पण त्यानंतर चार महिने पोरानं तोंड उघडलं नाही. मानेनं हो, मानेनं नाही. डॉक्टर काय म्हणाले होते ते तू विसरली नसशील: पुन्हा असा धक्का बसू देऊ नका, परत बोलेल ह्याची खात्री मी देत नाही.

हे तुला माहीत आहे का? असलं तर तसं कळव. म्हणजे मी एकटीनं घाबरण्यापेक्षा दोघी मिळून घाबरू.

तुझी,
वन्सं


८ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न.

तुमचं पत्र दुकानात, काउंटरवर उभ्या उभ्या वाचलं. समोरच्या म्हाताऱ्यांना खोकल्याचं औषध द्यायचं, तर मी पोटदुखीची बाटली काढली. मालकांनी वेळेवर हात धरला.

गाणार आहे एवढं मला ठाऊक होतं. तेही होस्टेलवरून मेसेज करून सांगितलेलं. 'आई, कुणी येऊ नका. बाबा नको, तू नको, आत्याला तर सांगूच नकोस.' निवेदनाचं मला आज तुमच्याकडून कळतंय. ह्यांना मी बोलले नाही. हे म्हणतील, 'वा! मग तिकीट डबल लावा, कार्यक्रम दोन दिवस चालेल.' मनात काही वाईट नसतं हो त्यांच्या, पण जिभेला हाड नाही.

वन्सं, त्याच्या घशात शब्द अडकला की तो माझ्या घशात अडकतो. मला वाट बघवतच नाही. दुकानात तर माझं तेच काम. माणूस येतो, 'ती हो... ती पांढरी... जेवणानंतरची...' म्हणतो, आणि मी नाव पुरं करून पाकीट त्याच्या हातावर ठेवते. लोक दुवा देतात. तो घरी आला की मी तेच करते. पहिला शब्द टिल्लूचा, बाकीचं वाक्य माझं नाहीतर ह्यांचं. तो सुटतो, आम्ही सुटतो. तिथं त्या माईकपुढं त्याला कोण सोडवणार? त्याची हनुवटी वर जाईल, डोळे मिटतील, आणि शेकडो माणसं बघत बसतील. दिवसभर डोळ्यांपुढं तेवढंच येतंय.

एक करा. तुमचं तिथं जाणंयेणं आहे. कार्यक्रमाचं जो कुणी बघतो त्याला गाठा आणि निवेदन दुसऱ्या कुणाला द्यायला सांगा. टिल्लूला कळू न देता. गाऊ दे त्याला पोटभर. फक्त बोलायचं तेवढं त्याच्याकडून काढून घ्या. एवढं माझ्यासाठी करा.

आपली,
धाकटी


१३ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद.

गेले, भेटले, आणि हात हलवत परत आले.

कार्यक्रमाचं बघणारी एक मुलगी निघाली. सगळे तिला ड्रमवाली म्हणतात. तालमीची खोली तिसऱ्या मजल्यावर. खाली वाजवलं की प्राचार्यांचं डोकं दुखतं म्हणे. भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेत, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. कोपऱ्यात माझ्या कपाटाएवढा एक स्पीकर. टिल्लू वर्गात असेल अशी वेळ साधून गेले होते. ती एकटीच काड्या पुसत बसली होती.

मी म्हटलं, "बाळ, मी टिल्लूची आत्या. ते निवेदनाचं ओझं कशाला टाकलंत त्याच्यावर?"

"ओझं? आजी, त्यानं ते आमच्याशी भांडून घेतलंय."

"अगं, पण तो अडकतो."

"अडकतो की. मग आम्ही थांबतो."

"किती वेळ?"

"तो बोलेपर्यंत."

जणू बस उशिरा येते आणि आपण थांब्यावर उभे राहतो, एवढं साधं करून सांगितलं. मग बाही वर सारून मला दंड दाखवला. "हे बघा. आमच्यात नियम आहे. त्याचं वाक्य जो पुरं करील, त्यानं तो स्पीकर तीन जिने खाली न्यायचा आणि परत वर आणायचा. पहिला महिनाभर मीच नेत होते. माझी जीभ फार वळवळायची."

मला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. धाकटे, मला तर हा क्रूरपणा वाटला. बुडणाऱ्याला काठावर उभं राहून बघत राहायचं, आणि त्याला नियम म्हणायचं? मी हात जोडले. ती म्हणाली, "त्याच्याऐवजी मी काही ठरवणार नाही, आजी. तुम्ही आलात हे आपणहून सांगणार नाही, पण त्यानं विचारलं तर खोटंही बोलणार नाही." तरणी पोर, पण देठ घट्ट.

येताना सभागृहात डोकावले. कुणी नव्हतं. रंगमंचावर पिवळ्या चिकटपट्ट्यांनी वायरी जमिनीला दाबून टाकल्यात आणि मधोमध त्याच पट्टीची एक फुली. इथं उभं राहायचं, ही खूण. मी वर चढून त्या फुलीवर उभी राहिले. समोर नुसत्या मिटलेल्या खुर्च्या होत्या, माणूस एक नाही, तरी मला तिथं थांबवेना. कठडा धरून उतरले.

आता काय करू, तूच सांग.

वन्सं


१६ फेब्रुवारी

आत्या,

कागदावर मी अडखळत नाही, म्हणून कागद. फोनवर तू माझं वाक्य मध्येच उचलशील आणि माझ्या वाटचं रागावूनही तूच घेशील.

तू तालमीच्या खोलीत येऊन गेलीस. दारात तुझ्या बाइंडिंगच्या खळीचा वास होता, म्हणून मी विचारलं. ड्रमवालीनं सांगितलं. ह्यामागं आई आहे हेही मला कळलं, कारण असलं काम ती नेहमी दुसऱ्याच्या हातून करून घेते.

तुम्ही सगळे माझ्यावर जीव टाकता, ठाऊक आहे. पण बारावीनंतर काय करायचं हे तुम्ही मला विचारलंत तो दिवस आठव. टेबलाशी आई, बाबा, तू. माझा पहिला शब्द बाहेर पडायच्या आत तुम्ही तिघांनी मिळून कॉमर्स म्हणून टाकलंत. मी मान हलवली. मान हलवायला सोपी असते. आता तिसरं वर्ष चाललंय. मला काय म्हणायचं होतं, हे अजून तिघांपैकी कुणी विचारलेलं नाही.

हसणाऱ्यांची मला भीती वाटते. खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त मला तुमच्या मदतीची वाटते. मी अडकलो की तुमचे चेहरे असे होतात, जणू मी छपरावरून पडतोय. ते चेहरे दिसले की मी खरंच पडतो. अनोळखी लोक परवडले.

म्हणून येऊ नका. तू नको, आई तर अजिबात नको. हे पत्र तिला दाखव.

टिल्लू


१९ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद.

टिल्लूचं पत्र आलं. मजेत आहे. कुणी येऊ नका एवढंच म्हणतो. पोरांचं असतंच तसं, ह्या वयात आईबाप खिशात लपवायची वस्तू होतात. तू जिवाला लावून घेऊ नकोस.

मीही जाणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. जे व्हायचं ते होईल. तेवीस तारखेला मी कॉलेजात जाऊन काय झालं ते लायब्ररीतून काढीन आणि तुला कळवीन.

थंडीचे दिवस आहेत, काउंटरवर उभी राहतेस तर पायांत जाड मोजे घालत जा.

वन्सं


२३ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न.

काल मी दुकानातच होते. माल मोजायचा होता, उशीर झाला. ह्यांनाही तसंच सांगून ठेवलं होतं.

तुम्हाला काही कळलं का? सगळं लिहू नका, माझ्याच्यानं वाचवणार नाही. एवढंच लिहा की तो बोलतोय ना? मी मेसेज केला, उत्तर नाही. फोन केला, उचलला नाही. आणि नंतर लोक फार हसले का?

लवकर लिहा.

आपली,
धाकटी


२५ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

'नंतर' हसले का, म्हणून विचारतेस. कशानंतर गं?

राहू दे. चोरी दोघींची आहे, मग चावडीवर एकटी तूच कशाला? आधी मी माझी सांगते. जाणार नाही म्हणून तुला लिहिलं आणि गेले. शेवटची रांग, दाराजवळची खुर्ची, डोक्यावरून स्कार्फ नाकापर्यंत ओढलेला. आणि त्याहून मोठी चोरी म्हणजे त्याचं पत्र मी तुला दाखवलं नाही. दाखव म्हणून त्यानं लिहिलं होतं. तुला लागेल म्हणून मी दडवलं. ते तू वाचलं असतंस तर घरीच थांबली असतीस. आज सोबत धाडते आहे. वाच, आणि रड हवं तर.

आता जे झालं ते सगळं लिहिते. वाचवणार नाही म्हणतेस, तरी लिहिते, कारण तू निम्म्यातून उठून गेलीस.

पहिलं गाणं झालं तेव्हा तूही होतीसच. टाळ्या ऐकल्यास ना? मग तो बोलायला लागला. पहिल्या वाक्यात दोनदा अडकला. शेजारचा एक पोरगा मान लांब करून बघायला लागला. पण मागं ड्रमवाली काड्या मांडीवर ठेवून अशी बसली होती, जणू कुणी चहा आणायला गेलंय आणि तो येईलच. गिटारवाला तसाच. त्यांना बघून लोक हळूहळू सैलावले. दुसऱ्या निवेदनाला सभागृह थांबायला शिकलं होतं. मीच शिकले नव्हते.

मग ते तिसरं. "हे गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते..." आणि अडकला. तसा अडकलेला मी त्याला शाळेनंतर पाहिलाच नव्हता. हनुवटी वर, डोळे घट्ट मिटलेले, जबडा थरथरतोय. कुणीतरी खोकलं. पुढं दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मी स्कार्फचा बोळा तोंडात कोंबला, धाकटे, कारण माझ्या दातांपर्यंत शब्द आला होता. रेडिओवर. आणि तेवढ्यात मधल्या रांगांतून बाईचा आवाज आला, खणखणीत: "रेडिओवर!"

क्षणभर मला वाटलं, मीच बोलले.

पोरं हसली. दुष्टपणानं नसेल, पण हसली. मग एक खुर्ची फटकन मिटली, बाजूचं दार उघडलं, उजेडाची फट पडली आणि बुजली. त्या उजेडात मला तुझा राखी कोट दिसला. तो दिसला नसता तरी आवाज काय ओळखू येत नाही? त्यालाही आला. त्यानं डोळे उघडले, दाराकडं पाहिलं आणि माईकपासून एक पाऊल मागं गेला.

संपलं, म्हटलं. हा आता आत जाणार, आणि पुन्हा ते चार महिने, नाहीतर चार वर्षं, मानेनं हो आणि मानेनं नाही. ह्या खेपेला हसवलं कुणी, तर आपणच. ड्रमवालीनं काड्यांना हात लावला नाही. कुणीच काही वाजवलं नाही, कुणी मदतीला आलं नाही. मी मनातल्या मनात त्या पोरीला काय काय शिव्या दिल्या! निदान ढोल बडव गं मेले, झाक त्याला!

मग तो पुढं आला. परत फुलीवर.

"नाही," म्हणाला. "रेडिओवर नाही." आणि पुन्हा अडकला. आता मात्र कुणी हसलं नाही. एवढी माणसं, पण कापडाची सळसळ नाही. मी वाट बघितली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या शब्दाची वाट बघितली, कारण माझ्याजवळ द्यायला शब्दच उरला नव्हता.

"भिंतीपलीकडून," तो म्हणाला.

मग सांगितलं. थांबत, अडकत, पण सगळं स्वतः. "माझी आई भांडी घासताना गाते. नळाच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही असं तिला वाटतं. दुसरं कडवं तिला येत नाही, तिथं ती नुसतंच गुणगुणते. मूळ गाणं मी खूप उशिरा ऐकलं. ते मला चुकीचं वाटलं."

लोक हसले गं. पण ह्या हसण्यानं तो मोठा झाला, लहान नाही झाला. "म्हणून आज आम्ही तिचं गातोय," म्हणाला. आणि गायला. दुसऱ्या कडव्याला शब्द नाहीत, नुसतं गुणगुणणं. दुसऱ्या खेपेला सबंध सभागृह गुणगुणत होतं. तू तेव्हा कुठं होतीस? बसच्या थांब्यावर, कोटाच्या खिशात हात घालून, असंच ना?

संपल्यावर मी सटकणार, तर दारात हा उभा. "आत्या, स्कार्फ काढ तोंडातून." मी त्याच्या छातीवर दोन बुक्क्या मारल्या आणि रडले. मग त्यानं विचारलं, "ती आई होती ना?" मी म्हटलं, "मला काय ठाऊक!" पुन्हा खोटं. जित्याची खोड. तो दाराकडं बघत राहिला. त्याच्या त्या गप्प राहण्याचा अर्थ मला लागला नाही, आणि ह्या वेळी मी तो मनानं लावणारही नाही. भीती मात्र वाटते. लोकांशी बोलला, पण तुझ्याशी बोलेल का, हे मी सांगू शकत नाही.

रविवारी घरी येतोय, एवढं म्हणाला. काय विचारायचं ते तूच विचार. आणि विचारून झालं की, बाई गं, गप्प बस.

तुझी,
वन्सं


३ मार्च

ती. वन्संना,
सा. न.

त्याचं पत्र वाचलं. तुमचंही वाचलं. हो, मीच. तुम्ही जाणार नाही असं लिहिलंत, आणि मला वाटलं, एवढ्या माणसांत पोराचं आपलं असं एकही नसावं? नुसतं मागं बसून यायचं, असं ठरवून गेले होते. तोंडातून कधी गेलं ते मलाच कळलं नाही. काउंटरवर जसं जातं तसं गेलं. मग हसणं ऐकलं आणि पळाले. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, बरं नाही का? मी खिडकीकडं तोंड फिरवलं.

तो काल आला. पिशवी ठेवली, पाणी प्यायला. मी बटाटे सोलत होते. सोलायचे नव्हते तेवढे सोलले. हे पेपर घेऊन बसले होते. शेवटी सुरी ठेवली आणि ह्यांच्यादेखतच म्हटलं, "त्या दिवशी सभागृहात ओरडले ती मी होते. तू माझ्यावर रागावलास का?"

ह्यांनी पेपर खाली घेतला. टिल्लूनं तोंड उघडलं, आणि अडकला.

वन्सं, मी दोन बाळंतपणं काढली, त्यातलं एक लेकरू हाती लागलं नाही. पण इतकी घाबरले नव्हते कधी. त्याची हनुवटी वर गेली. ह्यांचं तोंड उघडायला लागलं, तशी मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. 'नाही गं आई.' एवढंच तर म्हणायचं असेल त्याला, दुसरं काय म्हणेल? इतकी वर्षं मी तेच त्याच्या पदरात टाकून कामाला लागले असते. ओठ दाताखाली धरले. रक्ताची चव आली. तरी नाही बोलले.

"हो," तो म्हणाला.

मग पुन्हा थांबला. मग म्हणाला, "खूप."

हे म्हणाले, "अरे, पण आई आहे ती—" मी म्हटलं, "त्याला बोलू द्या." लग्नाला पंचवीस वर्षं झाली, ह्या आवाजात मी ह्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ह्यांनी पेपरची घडी घातली.

स्टूल ओढून मी टिल्लूसमोर बसले. म्हटलं, "सांग."

तो सांगत राहिला. फार वेळ लागला. बटाटे पाण्यात तसेच राहिले, जेवायची वेळ टळून गेली. त्यातलं निम्मं मला आवडलं नाही. सगळं ऐकलं.

आपली,
धाकटी